लाज रक्तात उशिरा पोचते

सन्मती मगदूमच्या वडिलांना राज्यातल्या एकूण एक खो-खो मैदानावर कायमची बंदी घालण्यात आली. ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्या वाजल्या, चहा आला, चहाबरोबर खारी आली.

आता हे झालंच नाही असं समजू. सन्मतीही तसंच समजायचा प्रयत्न करतोय, आपण निदान त्याला सोबत देऊ.

तर बंदी वगैरे काही नाही. सन्मती तेवीस वर्षांचा आहे, सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याचा आहे, आणि राज्य खो-खो लीगमध्ये कृष्णाकाठ संघाकडून पळतो. खो-खोत पळणारे तिघातिघांच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात. बाकीचे कडेच्या चौकटीत बसून आपल्या तुकडीची वाट बघतात. हे वाट बघणं फार वाईट. मैदानात माणसाच्या मागे कोणीतरी धावत असतं, त्यामुळे त्याला विचार करायला सवड मिळत नाही. चौकटीत सवडच सवड.

या सवडीवर इलाज म्हणून लीगने मनगटपट्टा आणला.

पट्ट्याचं तत्त्व साधं आहे. एखाद्या रेणूवर एकाच रंगाचा प्रकाश टाकला तर जवळपास सगळा प्रकाश आला तसा परत फिरतो. कोट्यवधी कणांतला एखादाच रंग किंचित बदलून परततो. वाटेत रेणूशी दोन शब्द बोलून आला म्हणा ना. प्रत्येक रेणूची थरथरण्याची तऱ्हा वेगळी, त्यामुळे प्रकाश कोणाशी बोलून आला ते त्या बदललेल्या रंगावरून ओळखता येतं. हा रामन परिणाम. शाळेत आपण तो दोन मार्कांसाठी पाठ करतो आणि मार्क मिळाले की सोडून देतो. पट्ट्याच्या आतल्या अंगाला केसाहून बारीक सुया आहेत. त्या रक्ताचा सूक्ष्म थेंब चांदीच्या त्याहून सूक्ष्म दाण्यांवर आणून टाकतात. चांदीजवळ ही कुजबुज लाखो पटींनी मोठी होते, आणि त्या गलक्यातून कॉर्टिसॉलचा आवाज वेगळा काढता येतो. कॉर्टिसॉल म्हणजे मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ताणाच्या वेळी रक्तात सोडतात ते संप्रेरक.

पूर्वी यासाठी रक्त काढून प्रयोगशाळेत पाठवत. अहवाल येईपर्यंत सामना संपलेला असे, आणि कधीकधी खेळाडूचं लग्नही झालेलं असे, म्हणजे तो अहवाल कशाच्याच उपयोगाचा उरत नसे. आता आकडा तिथल्या तिथे. तो लाल रेघेच्या वर गेला की त्या खेळाडूला मैदानात उतरवायचं नाही, असा आरोग्याचा नियम झाला.

पट्टे वाटले त्या दिवशी संघाच्या ताणतज्ज्ञ डॉ. ऋजुता केळशीकर यांनी सगळ्यांना समोर बसवलं. बाई मुळात प्रकाशशास्त्रातल्या. खो-खोत कोण कोणाला खो देतं हे त्यांना अजून नीट कळत नव्हतं, आणि तसं त्या कबूलही करत.

“दोन गोष्टी लक्षात ठेवा,” त्या म्हणाल्या. “पहिली, कॉर्टिसॉल निवांत येतं. धक्का बसला की मेंदू निरोप धाडतो, तो ग्रंथींपर्यंत जातो, मग ते रक्तात चढायला लागतं. आकडा शिखरावर दिसतो तोपर्यंत मूळ घटनेला वीस-पंचवीस मिनिटं होऊन गेलेली असतात.”

“म्हणजे आमच्या मिरजेच्या एसटीसारखं,” झाकीर मुजावर म्हणाला. झाकीर संघाचा कर्णधार. त्याला गप्प बसण्याचा ताण येत असे, हे पुढे पट्ट्यावर सिद्धही झालं.

“दुसरी. हे सगळ्यात जास्त कशाने चढतं, माहितेय? भीतीने नाही, दमल्याने नाही. माणसाचा हात बर्फाच्या पाण्यात धरला तर थोडंसं चढतं. त्यालाच अनोळखी लोकांसमोर उभं करून भाषण करायला लावलं, तर कितीतरी जास्त. चारचौघांत आपली किंमत कमी होईल असं वाटलं की हे उसळतं.”

“आणि तो आकडा तुम्ही चारचौघांतच लावणार? मैदानावरच्या त्या मोठ्या पडद्यावर?” झाकीरने विचारलं.

“पडद्याचं मार्केटिंगवाल्यांना विचारा,” बाई म्हणाल्या.

पुढच्या हंगामात लीगने एक पाऊल पुढे टाकलं. आकडा चढवणारी गोष्ट शोधून काढायची, तिची ‘ताणस्रोत’ म्हणून नोंद करायची आणि तिला मैदानाबाहेर ठेवायचं. आकडा लाल रेघ ओलांडतो त्या क्षणी खेळाडू कुठे बघतोय ते छतावरचे कॅमेरे टिपत आणि आरोपी पडद्यावर दाखवत. सुरुवातीला एक ढोल गेला. मग एका पळणाऱ्याची होणारी सासू गेली, तिने लग्नच मोडलं, आणि त्याचा आकडा इतका उतरला की उत्तेजक घेतल्याच्या संशयावरून त्याची चौकशी झाली. नाशिकच्या संघाने तर समोरच्या संघाचा सगळ्यात चपळ खेळाडूच ताणस्रोत म्हणून नोंदवायला घेतला होता. तो अर्ज फेटाळला गेला, पण अगदी थोडक्या मतांनी.

या सगळ्यात सन्मतीचा आकडा कधी हलला नाही. चौकटीत बसलेला असो, निकराची वेळ असो, त्याचं कॉर्टिसॉल दुपारच्या झोपेतल्या माणसासारखं. समालोचक त्याला ‘बर्फ मगदूम’ म्हणू लागले. पोरं त्याच्याबरोबर फोटो काढू लागली. पट्ट्याच्या कंपनीने त्याला जाहिरातीत घेतलं, आणि आपल्याला ताण येत नाही हा आपला काहीतरी गुण आहे असं सन्मतीलाही वाटू लागलं.

जाहिरातीचं चित्रीकरण पुण्यात, उपांत्य सामन्याच्या दिवशीच, मैदानाच्या गेट क्रमांक तीनवर होतं. सन्मतीने पांढरे कपडे घालून बर्फाच्या लादीवर बसायचं होतं. लादी खरी होती.

“चेहऱ्यावर भाव नको,” दिग्दर्शक म्हणाला.

“भाव कुठला, बूड बधिर झालंय त्याचं,” कडेला उभा असलेला झाकीर म्हणाला.

तेवढ्यात एक टेम्पो थांबला आणि त्यातून आप्पा उतरले.

आप्पा म्हणजे जिनपाल मगदूम, सन्मतीचे वडील. आष्ट्याच्या स्टँडसमोर त्यांचं ‘भरारी डिजिटल फ्लेक्स’ आहे. वाढदिवस, निवड, निवडणूक, श्रद्धांजली, सगळं त्यांच्याकडे छापलं जातं, आणि घाई असली की एकाचं दुसऱ्यात जातं. मुलाचा सामना पुण्यात बघायची त्यांची पहिलीच वेळ. त्यांनी टेम्पोवाल्याच्या मदतीने गुंडाळी उतरवली आणि तिथेच रस्त्यावर उलगडली.

दहा बाय आठचा फ्लेक्स. मधोमध सन्मती, हात जोडलेला, मागे जबडा उघडलेला वाघ. वर ठळक अक्षरांत: ‘आमचा लाडका गुंडू याचे पुण्यनगरीत सहर्ष स्वागत’. खाली शुभेच्छुकांची रांग: गॉगल लावलेले दोन काका, मामा, ढगांतून बघणारे कैलासवासी आजोबा, चौगुले चहावाले, आणि शेवटच्या गोलात, जागा उरली म्हणून, घरची म्हैस.

पुण्यनगरीचे लोक बघू लागले. समोरच्या संघाची पोरं बसमधून उतरत होती, ती थांबली. कोणीतरी “गुंडूऽऽ” अशी बारीक हाक मारली. दिग्दर्शकाने मान वळवली.

“ओ काका, हे आत नाही नेता येणार,” रखवालदार म्हणाला. “कोणाचे तुम्ही?”

आप्पांनी हसून लादीकडे बोट दाखवलं.

रखवालदाराने लादीकडे बघून विचारलं, “साहेब, हे तुमचे कोण?”

“कोणी नाही,” सन्मती म्हणाला. “गावाकडचे कोणीतरी असतील.”

बर्फावर बसल्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच काही भाव नव्हता. आप्पांनी दाखवलेलं बोट तसंच वर राहिलं होतं. मग त्या बोटाने त्यांनी कानामागे खाजवलं.

“व्हय, व्हय,” ते रखवालदाराला म्हणाले. “मी फ्लेक्सवाला. ऑर्डर हुती, पोचवाय आलोय. सही कुणाची घिऊ?”

रखवालदाराने खिशातलं पेन काढून पोचपावतीवर सही केली. आप्पांनी वाघासकट सगळे शुभेच्छुक गुंडाळून गेटच्या भिंतीला टेकवून ठेवले, कडा दुमडू नयेत म्हणून खाली पुठ्ठा सरकवला, आणि ते तिकीटखिडकीकडे गेले.

“सुंदर!” दिग्दर्शक सन्मतीला म्हणाला. “हाच चेहरा पाहिजे होता.”

झाकीरने या सगळ्यावर एकही विनोद केला नाही.

सामना सुरू झाला. सन्मती चौकटीत बसला होता, पुढची तुकडी त्याची. त्याने समोरच्या रांगांत नजर फिरवली आणि त्याला आप्पा दिसले. ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. चुकून हात हलवला जाऊ नये म्हणून.

त्याच वेळी पडद्यावर सन्मतीचा आकडा हलला, चढला, चढतच राहिला, आणि लाल रेघेच्या वर जाऊन लुकलुकू लागला. सगळं मैदान “ओऽऽ” म्हणालं.

“बर्फ वितळला!” समालोचक ओरडला. यंत्राने सन्मतीची नजर पकडली, रांग पकडली, खुर्ची पकडली, आणि आप्पांचा चेहरा लाल चौकटीत पडद्यावर आला. खाली तिकिटावरचं नाव: जिनपाल मगदूम. “अरे, हे तर वडील दिसतात!” समालोचकाला झालेला आनंद लपत नव्हता. आप्पा एवढ्या मोठ्या आकारात स्वतःकडे बघत होते. फ्लेक्सवाला असूनही एवढा मोठा चेहरा त्यांनी कधी कोणाचा छापला नव्हता.

सन्मतीला उतरवलं नाही. कृष्णाकाठ दोन गुणांनी जेमतेम वाचला. आणि नियमाप्रमाणे सुनावणी लागली, कारण रक्ताच्या नात्यावर बंदी घालायची तर ती रीतसर घालावी लागते.

सुनावणी मैदानाच्याच सभागृहात होती, छतावर तेच कॅमेरे, भिंतीवर तसाच पडदा. तिला लीगचे अध्यक्ष रमाकांत धामणस्कर होते, दोन सदस्य होते, डॉ. केळशीकर होत्या. टेबलाच्या एका बाजूला सन्मती, मनगटावर पट्टा. दुसऱ्या बाजूला आप्पा, इस्त्रीचा शर्ट.

“साधी केस आहे,” अध्यक्ष म्हणाले. “वडील दिसले, आकडा चढला.”

“मला साधी वाटत नाही,” बाई म्हणाल्या. “वडील दिसले तेव्हा आकडा चढलेलाच होता. मूळ घटना वीस-पंचवीस मिनिटं आधीची असणार. सन्मती, तेव्हा तू गेट तीनवर होतास. तिथे आमचा कॅमेरा नाही. जाहिरातीच्या कॅमेऱ्यात फक्त तुझा चेहरा आहे आणि त्यावर काही म्हणजे काही नाही. काय झालं होतं तिथे?”

आता नीट बघा. सन्मती एक वाक्य बोलला असता तर आप्पा सुटले असते. वाक्य लहान होतं, व्याकरणही अवघड नव्हतं. समोर फक्त पाच माणसं होती. पण त्या पाचांत एक आप्पा होते, आणि ते वाक्य त्यांच्यासमोर बोलायचं होतं.

“काही नाही,” सन्मती म्हणाला.

“काहीच नाही?”

“बर्फावर बसलो होतो.”

“बर्फाने एवढं चढत नाही. कोणी भेटलं? कोणी काही बोललं?”

“एक फ्लेक्सवाला आला होता,” सन्मती टेबलाला म्हणाला. “आणि गेला.”

बाईंनी आप्पांकडे बघितलं, मग सन्मतीकडे. आप्पा खुर्चीत पुढे सरकले.

“मॅडम, पोराला कशाला घोळात घेताय? मला बघून ताण येतोच की त्याला. ल्हानपणापास्नं हाय. शाळंच्या गॅदरिंगला मी पुढं बसलो की ह्यो भाषण इसरायचा. मग मी खांबाआड उभा ऱ्हायचो, तर खांबाकडं बघून इसरायचा.” ते हसले. अध्यक्षही हसले. “लिवा माझं नाव. आमच्या गुंड— आमच्या सन्मतीचा खेळ ऱ्हायला पायजे.”

एवढा समजूतदार ताणस्रोत समितीने पाहिला नव्हता. ठराव एकमताने मंजूर झाला, टाळ्या वाजल्या, चहा आला, चहाबरोबर खारी आली. हो, तेच. झालंच नाही म्हणता म्हणता आपण इथे येऊन पोचलो. सन्मतीचंही असंच होतं.

आप्पांनी चहा घेतला नाही. बस गाठायची होती. दारापाशी त्यांनी सन्मतीच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला, पट्ट्याकडे लक्ष गेलं आणि हात मागे घेतला.

ते गेल्यावर काही वेळाने अध्यक्षांची खारी चहात तुटून पडली. ते चमच्याने ती बाहेर काढत होते, सन्मती रिकाम्या डोळ्यांनी तिकडे बघत होता, आणि त्याच्या मनगटावरचा पट्टा किंचाळू लागला. आकडा लाल रेघेच्याही वर, पडद्याला जागा पुरू नये इतका. यंत्राने नजर पकडली, चेहरा पकडला आणि नियमाप्रमाणे नोंद केली. दुसऱ्या दिवशी लीगच्या अध्यक्षांना लीगच्या एकाही मैदानाचं दार उघडेना. एका सामन्याचं बक्षीस त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवरून दिलं. मग घाईने दुरुस्ती झाली: पदाधिकाऱ्यांमुळे कोणालाही ताण येत नाही.

आप्पांच्या बाबतीत दुरुस्ती झाली नाही, कारण कोणी मागितली नाही.

सन्मतीने आठवडाभराने दुकानात फोन केला.

“आप्पा, ते त्या दिवशीचं...”

“आरं, टीव्हीवर ब्येस दिसतोस. त्या खुर्चीत बसून तू एवढासा दिसत हुतास, मुंगीगत. हितं कसं, घाम सुद्धा दिसतोय. चौगुल्याचा चहा येतोय दर अर्ध्या तासाला. काय वाईट हाय?”

“आप्पा, गेटवर मी...”

“आणि त्यो फ्लेक्स हाय का रं तितं भिंतीला? असला तर पावसात भिजू दिऊ नगंस. कापड चांगलं वापरलंय. पालथा घातला तर टेम्पोवर चालंल कुणाच्या. बरं, ठिवतो. गिऱ्हाईक आलंय.”

गिऱ्हाईक आलं नव्हतं. पाठीमागे दुकानातला टीव्ही चालू होता आणि त्यावर सन्मतीचीच जाहिरात लागली होती. ‘यांना ताण येतच नाही.’ ती संपेपर्यंत आप्पांनी फोन ठेवला नाही, आणि सन्मतीनेही नाही.

यानंतर एक विचित्र गोष्ट सुरू झाली. सन्मती सरावासाठी गेट तीनमधून आत आला की वीस-पंचवीस मिनिटांनी आकडा चढायचा. रोज. समोर कोणीही असो. यंत्राने या गोंधळात एक फिरता पंखा, एक पंच आणि राष्ट्रध्वजाची काठी नोंदवली. शेवटी डॉ. केळशीकरांनी वेळ मागे नेऊन लिहून दिलं की कारण गेटशी आहे. त्यांना वाटलं, आता तरी कोणी विचारेल की गेटवर काय झालं होतं. लीगने ते विचारलं नाही. लीगने गेट क्रमांक तीन हा ताणस्रोत घोषित करून विटांनी बुजवला. गवंडी कामाला लागला तेव्हा भिंतीला टेकवलेला फ्लेक्स सन्मती खोलीवर घेऊन आला. तो खोलीत मावत नव्हता. उलगडला की वाघ छतावर जाई आणि म्हैस पलंगाखाली.

“गेट बुजवून बरं वाटतंय का?” बाईंनी विचारलं.

“दोन नंबरने येतो आता. तिथेही चढतो.”

“मग आता दोन नंबर बुजवतील. मग एक. मग तुला हेलिकॉप्टरने उतरवतील.” बाई पट्ट्याचा कागद बघत होत्या. “मला फक्त आकडा वाचता येतो रे. वाक्य तुझं तुलाच बोलावं लागेल.”

“बोलायला गेलो तर आप्पा विषय फ्लेक्सच्या कापडावर नेतात.”

“मग त्यांना ऐकावंच लागेल अशा जागी बोल.”

झाकीर तिथेच बुटाची नाडी बांधत होता. “ठराव दुरुस्त करायचा तर लीगला अर्ज दे,” तो म्हणाला. “अर्जाची प्रत रजिस्टर पोस्टाने ताणस्रोताच्या घरी जाते, असा नियम आहे. उघडल्याशिवाय तुझे आप्पा राहणार नाहीत. आणि बर्फ्या, खरं लिही. मी होतो तिथं.”

अंतिम सामन्याच्या आदल्या दुपारी सन्मतीने अर्ज दिला. तो असा:

प्रति,
मा. अध्यक्ष, राज्य खो-खो लीग.
विषय: ताणस्रोताच्या नोंदीत दुरुस्ती करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करतो की, उपांत्य सामन्याच्या दिवशी गेट क्रमांक तीनवर मला “हे तुमचे कोण” असा प्रश्न विचारण्यात आला होता. त्याचे मी दिलेले उत्तर चुकीचे होते. बरोबर उत्तर: वडील. सुनावणीत तेच मला पुन्हा विचारले असता मी पुन्हा चुकीचे उत्तर दिले. आकडा दोन्ही वेळा माझ्यामुळे चढला आहे. श्री. जिनपाल मगदूम यांनी काहीही केलेले नाही. त्यांनी फक्त बोट दाखवले होते.

सबब, ताणस्रोत म्हणून त्यांचे नाव कमी करून त्या जागी माझे नाव लावावे. नियमाप्रमाणे, मी खेळत असलेल्या कोणत्याही मैदानात मला प्रवेश देऊ नये. यामुळे मी खेळणार कसा, अशी अडचण निर्माण होईल याची मला जाणीव आहे. तरी त्यावर पुढीलप्रमाणे तोड काढावी.

गेट क्रमांक तीन फोडून पूर्ववत करावा. प्रत्येक सामन्यापूर्वी मला तेथे, शक्यतो समोरच्या संघाची बस येण्याच्या वेळी, रखवालदाराने अडवावे. श्री. जिनपाल मगदूम यांना लीगच्या खर्चाने आष्ट्याहून आणून माझ्यासमोर उभे करावे आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारावे, हा तुमचा कोण? त्यांनी ओळख दिली तरच मला आत सोडावे. ते विषय बदलून कापडावर जातील, तेव्हा प्रश्न पुन्हा विचारावा. त्यांचे उत्तर येईपर्यंत, त्यास कितीही वेळ लागला तरी, सामना थांबवून ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.